डोळ्यांचं दुखणं

सत्त्याण्णव साली तळेघरच्या शाळेवर माझी नेमणूक झाली आणि मी सरूबाईंकडे खोली घेतली. जेवण त्यांच्याच चुलीपुढं. ताटात नाचणीची भाकरी पडली, की मी डोळे मिटून मनातल्या मनात येशूचे आभार मानायची. नगरच्या आमच्या ख्रिस्ती घरात लहानपणापासूनची सवय.

पहिल्याच आठवड्यात सरूबाईंनी विचारलं, "बाई, जेवायच्या आदी डोळं का वो मिटता?"

गावानं 'ही बाटवायला आलीय' म्हणू नये, म्हणून मी सांगून टाकलं, "डोळे दुखतात हो माझे."

सात वर्षं रोज त्यांच्यासमोर प्रार्थना केली आणि रोज तेच खोटं निभावलं. फक्त सोमवारी मी एकटी जेवायची. सरूबाईंचा उपास असायचा. त्या नुसता कोरा चहा घेऊन माझ्याजवळ बसायच्या.

मग बदली झाली. निघताना वाटलं, आज तरी खरं सांगावं. घोडेगावची एसटी येऊन उभी राहिली, तरी मी नुसती पिशवीच आवरत राहिले. सरूबाईंनीच माझा हात धरला.

 

"बाई, डोळं बरं झालं की पत्र टाका. तवर तुमच्यासाठी धरलेलं सोमवार मी सोडायची न्हाई."