पोचा पडलेली व्हीलकॅप

"पंचवीस हजार," म्हणत बापूनं चहाची कपबशी पुढे सरकवली.

अच्युतरावांच्या जुन्या हेराल्ड गाडीचं एक चाक महिनाभर उघडंबोडकं होतं. दोस्ताकडे व्हीलकॅप मिळेलच, या भरवशावर ते आले होते. ती हातात घेतली आणि काठावरचा ओळखीचा पोचा बोटाला लागला. वीस वर्षांपूर्वी त्यांनीच ती बापूला दिली होती. त्यानं पैसे विचारल्यावर शिवी हासडून ते म्हणाले होते, "चहा पाज, झालं."

"अरे, ही मीच तुला दिलेली."

"असेल. पण जुन्या गाड्यांचे भाव कुठे गेलेत, बघतोयस ना? तू नाही नेलीस तर मुंबईचा शेठ नेईल."

अच्युतरावांनी व्हीलकॅप खाली ठेवली. चहाला हातही न लावता वीसची नोट बशीखाली सारली.

"हे कसले?"

"चहाचे. तेव्हाचाही धरलाय."