न ऐकलेलं सुतक

फोन पुन्हा वाजू लागला तेव्हा उमाच्या तळहातावर उकडीची पारी होती. तिने घंटेकडे पाठ केली आणि पारी फिरवत राहिली.

“आई, फोन!” दप्तर खांद्यावरून उतरवायच्या आधीच अवनी ओरडली.

“वाजू दे.”

“अगं, बाबांचा असेल!”

“म्हणूनच वाजू दे.”

दत्तात्रेय सकाळच्या एसटीने देवरूखला गेला होता. त्याच्या काकींना, येसूबाईंना, रात्रीपासून धाप लागली होती. “काही झालं तरच फोन करीन,” असं तो दारातून म्हणाला होता. घरं वेगळी असली तरी कूळ एक. काकी गेल्याचं कानावर पडलं की दहा दिवसांचं सुतक. आणि स्वयंपाकघरात पाच-सहा घरांचे अंगारकीच्या नैवेद्याचे मोदक होऊ घातले होते. सुतकातल्या हातचं देवापुढे ठेवत नाहीत. उमाला खोटं बोलणं जमत नसे. ऐकलं असतं तर तिने आपण होऊन प्रत्येक डबा अडवला असता, आणि ऐन संध्याकाळी तोंडघशी पाडणाऱ्या बाईकडे पुढच्या चतुर्थीला कोण येणार? न ऐकलेलं सुतक लागत नाही, हे तिला काकींनीच कधीतरी सांगितलं होतं. मोदकाच्या कळ्या पाडायलाही त्यांनीच शिकवलं होतं.

“मी उचलते,” अवनी म्हणाली. “काय म्हणाले ते तुला सांगतच नाही. मग झालं?”

“तुझ्या तोंडावर दिसेल ना गं मला.”

तरीही अवनीने हात पुढे केलाच. उमाने तो मनगटात धरून मागे ओढला. घंटा थांबली. मुलीच्या मनगटावर उकडीची चार पांढरी बोटं उमटली होती. ती पुसत पुसत अवनी परसात निघून गेली. पुन्हा काही विचारायला आली नाही.

दुपारी फोन आणखी दोनदा वाजला. तो थांबल्यावरही उमाला ऐकू येत राही. मोदकपात्राचं झाकण थरथरलं तरी ती दचके. मनातल्या मनात तिने काकींना केव्हाच खाली उतरवलं होतं, तोंडात तुळशीचं पान ठेवलं होतं, आणि हात मात्र चालूच होते. इतक्या रेखीव कळ्या तिच्या हातून आजवर कधी पडल्या नव्हत्या.

उन्हं उतरली तशी माणसं डबे घेऊन जाऊ लागली. लिमयेबाई सर्वांत शेवटी आल्या.

“उमाताई, तुमच्याकडचं म्हणजे बघायलाच नको हो. आमच्या सासूबाई बाहेरचं पाणीसुद्धा घेत नाहीत, पण तुमचे मोदक आणा म्हणतात.” तेवढ्यात फोन वाजला. “घ्या ना, मी थांबते.”

“नको,” उमा म्हणाली. “येईल पुन्हा.”

लिमयेबाई जरा घोटाळल्या. एकदा फोनकडे आणि एकदा उमाकडे पाहून त्यांनी डबा पदराखाली घेतला आणि पायऱ्या उतरल्या.

फोन आला नाही. अंधारून आलं. उमाने कोपरापर्यंत हात धुतले, देवघरातला दिवा लावला, आणि आता काय ऐकायचं ते ऐकायला मन घट्ट करून स्वतःच देवरूखचा नंबर फिरवला. दत्तात्रेयनेच उचलला.

“काकी गेल्या?”

“हो. आत्ताच. दिवे लागले आणि गेली.”

उमाने दाराकडे पाहिलं. शेवटचा डबा त्याआधीच फाटकाबाहेर पडला होता.

“मग दुपारपासूनचे फोन?”

“तिला तुझ्याशी बोलायचं होतं. चांगली शुद्धीत होती गं. मी नंबर लावायचो आणि रिसीव्हर तिच्या कानाशी धरायचो.”

“काय... काय म्हणायचं होतं?”

“ते मला नाही सांगितलं.” त्याचा आवाज थकलेला होता, त्यात ठपका नव्हता. “वाजून वाजून मी ठेवायला लागलो की माझा हात धरायची. म्हणायची, ‘थांब रे. हात उकडीत असतील तिचे. धुऊन येईल.’”