वारा शाळेकडे

औषधाचा निळसर फवारा कुंपणावरून शाळेच्या अंगणात उतरला तेव्हा ओदील शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांच्या जेवणाचा घेवडा ढवळत होती. तिनं डाव तिथंच टाकला. "बाई, पोरांना आत घ्या!" असं शिक्षिकेला ओरडून सांगत ती मागच्या दारानं, एप्रनसकट, द्राक्षबागेत घुसली.

फवारणीचा ब्लोअर ओढणारा ट्रॅक्टर ओळीच्या टोकाला वळून पुन्हा शाळेकडेच येत होता. चालवत होता तिचा धाकटा भाऊ, रेजीस. ओदील ओळीच्या मधोमध उभी राहिली. ट्रॅक्टर अगदी तिच्या पुढ्यात येऊन थांबला. रेजीसनं फवारा थांबवला, पण इंजिन बंद केलं नाही. केबिनची काच बोटभर खाली आली.

"मरायचंय का तुला, ताई?"

"वारा बघ कुठं चाललाय. शाळेकडे."

"वारा काय माझ्या बापाचा नोकर आहे? उद्या पाऊस आहे. आज मारलं नाही तर डावणीचा रोग सगळा फुलोरा खाऊन टाकेल."

"मग पहाटे मारायचं. पहाटे पान हलत नव्हतं."

"पहाटे वरची बाग केली. माणूस मी एकटा आहे. पोरं घटकाभर आत बसली तर काय बिघडतं?"

"काच खाली घे. नीट बोल माझ्याशी."

"नको. वास येतो."

ओदील केबिनच्या पायरीशी आली.

"वास येतो," ती म्हणाली. "तुला वास येतो!"

"उगाच तमाशा करू नकोस. बाबांनी जन्मभर उघड्या ट्रॅक्टरवरून हेच केलं. कुरकुरले कधी?"

"शेवटी बाबांचा हात चमचा तोंडापर्यंत नेत नव्हता, रेजीस. सूप हनुवटीवरून गळ्यात उतरायचं. पुसायला मी होते. तू फवारत होतास."

ती पायरीवर चढली. रेजीसनं आतून दाराची मूठ आवळून धरली. तिनं असा हिसडा दिला की दार सताड उघडलं, आणि ती त्यालाच रेलून उभी राहिली.

"हं, चालव आता. कर सुरू."

त्याचा हात ब्लोअरच्या दांड्यावर गेला. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली, ओल्या वेलींवरून थेट केबिनमध्ये. रेजीसनं नाकाला बाही लावली. मग त्यानं चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"बाग गेली तर तुझ्या नावानं बोंब मारीन," तो म्हणाला.

"मार. चौकात उभा राहून मार."

इंजिन थांबलं तशी दुसरी घरघर ऐकू आली. पलीकडच्या उतारावर, गारोन नदीच्या अंगाला, आणखी एक ब्लोअर चालला होता. ती बाग गावच्या मेयरची, लाबोर्दची. वारा तिकडूनच शाळेकडे येत होता.

"आता त्याच्याही आडवी जाणार का?" रेजीसनं विचारलं.

ओदील उतरली. चिखलात रुतलेला बूट तिनं उपटून काढला आणि घरघरीच्या रोखानं ओळीतून चालू लागली. मागं केबिनचं दार धाडकन लागलं. इंजिन सुरू झालं नाही.