चार बोटं वर

या, असे पुढं सरकून बसा. मागं बसलं की झांजा तेवढ्या ऐकू येतात, कथा हातून निसटते. तंजावरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतली गोष्ट आहे, एका नळाची. समईतली वात पुढं सारायच्या आत संपेल.

भीमसेन नळवाला लोखंड कापायची करवत घेऊन परसात उभा होता, आणि घरमालकीण शेषम्मा दगडी हौदाच्या काठावर बसल्या होत्या. नळाच्या पाइपावर हात ठेवून.

"कापून दाखव बघू," त्या म्हणाल्या.

"अक्का, थोडाच कापायचा. हौद काठोकाठ भरला तरी नळाचं तोंड पाण्याच्या चार बोटं वर राहिलं पाहिजे. नवा नियम आलाय."

"गेल्या साली शिशाचा पाइप काढलास, तोही नवा नियम. त्याच्या आधी नळातलं चामड्याचं वायसर काढून रबराचं घातलंस, तोही नवा नियम. मग हा पाइप पार हौदाच्या आत नेलास, तो कुणाचा रे?"

"तुमचा, अक्का."

खरंच होतं ते. गल्लीला नळाचं पाणी संध्याकाळी यायचं, आणि रामनवमीच्या दिवसांत शेषम्मांच्या सोप्यात हरिदासांची कथा उभी राहायची तीही नेमकी तेव्हाच. हौदात धो धो धार पडू लागली की निम्मं पद पाण्यात जायचं. म्हणून भीमसेनानं पाइप लांबवून पाण्याखाली नेला, आणि हौद मुकाट भरू लागला. त्या साली हरिदासांनी भर कथेत नळवाल्याला आशीर्वाद दिला होता. मागच्या खांबाशी बसलेल्या भीमसेनाला तो आशीर्वाद अजून पुरत होता.

आता पुन्हा रामनवमीचेच दिवस होते, पण दुपारी नगरपालिकेचा तपासनीस यायचा होता. पाइप पाण्यात बुडालेला दिसला की घराची जोडणी तुटणार आणि भीमसेनाचा परवाना जाणार. दुसरं कुठलं काम त्याला येत नव्हतं. नियम तरी त्याला कुठं पटला होता? नियम यायचा, तो पाठ करायचा. पाठ होतोय तोवर दुसरा यायचा.

"तपासनीस म्हणतात, गल्लीचा पाइप रिकामा झाला की तो हौदातलं पाणी उलटं ओढून घेतो. मग तेच पाणी सगळ्यांच्या घरी."

"पाणी उलटं जातं? मग उद्या कावेरी कोडगूच्या डोंगरावर परत चढेल म्हण." शेषम्मांनी पाइप आणखी घट्ट धरला. "आणि माझ्या हौदाला काय झालंय? यातला बेडूकसुद्धा सोवळ्यात राहतो."

"मलाही नाही कळत, अक्का. पण परवाना गेला तर मी करू काय?"

शेषम्मांनी त्याच्याकडं पाहिलं. तोंड सुकलं होतं त्याचं.

"पूर्वरंग पुरे. आधी पाणी पी." त्यांनी आतल्या घड्यात चेंबू बुडवला आणि भरून त्याच्या हातात दिला.

भीमसेन आपल्याच विचारात. त्यानं चेंबू घेतला आणि सरळ ओठाला लावला.

आता, त्या गल्लीत घरचा असो की पाहुणा, मान मागं टाकायची, चेंबू वर धरायचा आणि धार तोंडात सोडायची. ओठ लावायचा नाही. तान्ही पोरं तेवढी सुटतात.

"अरे, तोंड लावलंस?" शेषम्मा म्हणाल्या. "घोडा झालास तरी तेच. चार बोटं वर धरायला काय होतं तुला? आता चेंबू उष्टा झाला. हाच परत घड्यात गेला तर घडा उष्टा, घड्याचं पाणी जो पिईल तो—"

त्या थांबल्या.

भीमसेनाच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं. ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. दोघंही नळाकडं बघू लागले. हौदात नळाचं तोंड बुडालेलं होतं.

"भीमा," शेषम्मा हळूच म्हणाल्या, "यात मी हात घालते. सून भाजी विसळते. आणि हा नळ तोंड लावून बसलाय."

"होय, अक्का."

"तहान लागली की ओढणारच तो." त्यांनी पाइपावरचा हात काढून घेतला. "पलीकडच्या नागलक्ष्मीच्या देवाला रोज नळाच्या पाण्याचा अभिषेक असतो रे."

"पाइप मी बुडवला, अक्का."

"मी म्हटलं म्हणून बुडवलास." त्या काठावरून उठल्या. "काप. चार नको, आठ बोटं वर राहील असा काप. नगरपालिकेचं सोवळं माझ्याहून कडक कशाला असावं?"

दुपारी तपासनीस आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "नियम चार बोटांचा आहे. हे दुप्पट का?"

"या घरचा नियम आहे, सार," भीमसेन म्हणाला. हा एक त्याला पाठ करावा लागला नव्हता.

संध्याकाळी कथा उभी राहिली. आख्यान होतं रानातल्या भिल्लिणीचं. तिनं एकेक बोर चाखून बघितलं, गोड तेवढं देवापुढं ठेवलं, देवानं ते उष्टं बोर उचललं, आणि नेमकी तेव्हाच परसात धार कोसळू लागली. सगळ्या माना मागं वळल्या. खांबाशी बसलेल्या भीमसेनानं डोळे मिटून घेतले. हरिदास पदाच्या मध्यावर थांबले.

"थांबू नका, बुवा," पुढच्या रांगेतून शेषम्मा म्हणाल्या. "उष्टं द्यावं ते भिल्लिणीनं. नळाला तो अधिकार नाही."

हरिदास हसले. क्षणभर कान देऊन त्यांनी चिपळ्या उचलल्या आणि त्या धारेच्या लयीवर पद पुन्हा धरलं.

तेव्हा बाबांनो, कधी चेंबू वर धरून पाणी प्यालात, तर पहिला घोट घशाखाली उतरताना त्या खांबाशी बसलेल्या भीमसेनाला आठवा.