बिननावी पेपर

"दोन!" उपेंद्रने उत्तरपत्रिका जेवणाच्या टेबलावर आपटली. "पाचापैकी दोन! आणि ही पोरगी अमेरिकेत राज्यशास्त्र शिकायला निघालीय!"

मिहिका नुकतीच खालच्या ग्रोसरीतून दही घेऊन वर आली होती. पिशवी अजून हातातच होती.

"बाबा, लिसन, दॅट पेपर..."

"काय पेपर? अवघड होता? मग मला कसा सोपा गेला?"

मे महिन्यात मिहिकाची एपी गव्हर्नमेंटची परीक्षा होती. अमेरिकेचं सरकार, तिथली घटना, तिथले हक्क. त्याचा सराव पेपर शुक्रवारी दुपारी बापलेकीने याच टेबलाशी बसून सोडवला होता. कल्पना उपेंद्रची. 'बघू तरी, एवढं काय आभाळ कोसळतं त्यात,' म्हणत तो चहा घेऊन तिच्यासमोर बसला आणि तिच्या कितीतरी आधी उठलाही. फक्त पर्यायांची वर्तुळं काळी करायची, पेपरावर नाव घालायचं नाही, हा नियमही त्याचाच. तपासताना पार्शालिटी नको.

आज सकाळी मिहिकाने पर्यायांची उत्तरं ताडून पाहिली, न लिहिलेल्या निबंधांचे गुण दोघांनाही सारखेच धरले आणि आकडे वेबसाइटवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये टाकले. येईल तो अंदाज लाल पेनाने पेपराच्या डोक्यावर लिहिला. एकावर पाच, एकावर दोन. दोन्ही टेबलावर ठेवून ती खाली गेली.

ती वर येईपर्यंत पाचवाल्याचा फोटो उपेंद्रने आपल्या कॉलेजच्या ग्रुपवर टाकलासुद्धा. 'एकही पुस्तक न उघडता!' अंगठ्यांवर अंगठे येत होते.

तसा राग गुरुवारपासूनच डोक्यात होता. दुबईच्या ऑफिसात मॅनेजर अन्वरने सगळ्यांसमोर त्याच्या हातातून प्रोजेक्ट काढून घेतला. चूक दुसऱ्याची होती, पुरावा उपेंद्रच्या मेलमध्ये होता, पण तोंड उघडलं की समोरून एकच, "खलास, उपेंद्र, खलास." शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकून घरी येईपर्यंत तो स्टिअरिंगवर मुठी आपटत होता. दहा वर्षं राबल्याबद्दल त्या कंपनीने काय दिलं, तर एक मग. बुडाचा टवका उडाला तरी उपेंद्र चहा त्याच मगातून प्यायचा. स्मिता दर महिन्याला फेकायला निघायची, तो फेकू द्यायचा नाही.

"अहो, तिला बोलू तरी द्या," स्मिता स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

"काय बोलणार? तूच ऐक." त्याने दोनवाला पेपर उचलला, दुसऱ्या हातात प्रश्नपत्रिका आणि बरोबर उत्तरांचा कागद. "राष्ट्राध्यक्ष संसद बरखास्त करू शकतो म्हणे! ही काय दिल्ली आहे? गव्हर्नर कोण नेमतं, तर राष्ट्राध्यक्ष! अगं, निवडून येतात ते तिथे! वर्षभर क्लास लावलाय ना तुला?"

"बाबा, जस्ट वन मिनिट..."

"आणि हा तर कहर आहे. 'सरकारी शाळेने मुलाला निलंबित करण्याआधी त्याचं म्हणणं ऐकलंच पाहिजे का?' हे कुणाचं चुकतं? 'गरज नाही' वर काळं केलंय! ज्याला एवढी साधी गोष्ट कळत नाही त्याने हा विषय घेऊच नये!"

मिहिकाने दह्याची पिशवी टेबलावर ठेवली.

"बाबा, यू आर नॉट ईव्हन लेटिंग मी स्पीक."

"कागदाकडे बघ जरा. हे डाग! सांडलवंड करत पेपर सोडवायचा, ही लायकी!" कागदाच्या कोपऱ्यात एक तांबूस गोल उमटला होता, एका जागी तुटलेला. "ठरलं काय होतं आपलं? अंदाज पाच आला तर सीट कन्फर्म. नाहीतर पुणे. आत्याकडे राहा आणि बी.कॉम. कर."

"आय नो व्हॉट वी डिसायडेड. बट दॅट्स..."

"खलास! आत जा!"

तिने त्याच्याकडे बघितलं. डोळे भरले होते, पण ओठांचा कोपरा हसल्यासारखा वाकला होता.

"फाइन. कीप द फाइव्ह, बाबा."

तिच्या खोलीचं दार धाडकन लागलं.

"बघितलंस? उलट टोमणे!" उपेंद्रने लॅपटॉप पुढे ओढला.

"आता काय करताय?" स्मिताने विचारलं.

"जे बोललो ते."

"अहो, अ‍ॅडमिशनचं कळवायला दोन दिवस आहेत अजून. डोकं शांत होऊ द्या. चहा टाकते. यल्ला, उठा, तोंड धुऊन या."

तो उठला नाही. युनिव्हर्सिटीच्या साइटचा पासवर्ड त्यानेच ठेवला होता. अ‍ॅडमिशन स्वीकारायची की नाकारायची, दोन बटणं. त्याने नाकारायचं दाबलं. नक्की का, हा निर्णय नंतर बदलता येणार नाही, असं साइटने विचारलं. घरात एवढा वेळ त्याने कुणाचंच म्हणणं पुरतं ऐकलं नव्हतं. त्या साइटचं मात्र त्याने शेवटपर्यंत वाचलं. मग 'हो' दाबलं.

"खलास," तो म्हणाला. एकदम हलकं वाटलं त्याला. गुरुवारनंतर पहिल्यांदाच.

स्मिता चहा घेऊन आली. स्क्रीनवर काय लिहिलंय ते तिने वाचलं. पुन्हा वाचलं. बंद दाराकडे बघितलं.

"पोरगी आयुष्यात कधी चहा प्यायली नाही," ती हळूच म्हणाली.

"त्याचं काय आता?"

तिने दोनवाला पेपर त्याच्यासमोर सरकवला, त्या तांबूस गोलावर त्याचा मग ठेवला आणि टवका तुटलेल्या जागी येईपर्यंत सावकाश फिरवला.