वर राहिलेला हात

“डोळे मीट. हात वर कर. आवाज येतोय तोवर हात खाली आणायचा नाही. आणि चीटिंग नाही हं, बाबा!”

लेकीने दटावताच बाबाने शहाण्या मुलासारखे डोळे मिटले. तो सिनेमांना संगीत द्यायचा, सिनेमातले आवाज बनवायचा. आजवर त्याने कितीतरी भुतांना लोकांना घाबरवायला शिकवलं होतं. आज तोच खुर्चीत अंग चोरून बसला होता. घरातल्या त्याच्या कामाच्या खोलीच्या भिंतींना जाड गाद्या ठोकलेल्या होत्या. दार घट्ट लावलेलं. बाहेरचं जग आत येऊ नये म्हणून केवढा तो बंदोबस्त! पण सकाळी दिग्दर्शकाचा फोन आत आला होता आणि काही केल्या बाहेर जात नव्हता.

नवा भुताचा सिनेमा काल मोजक्या लोकांना दाखवून झाला होता. भूत आलं आणि लोकांनी डोळे झाकायचे सोडून कानांत बोटं घातली. भूत यायच्या आधी एक बारीक सूर वाजायचा. पेल्याच्या काठावरून ओलं बोट फिरवून बाबाने तो बनवला होता. तो म्हणे सुईसारखा टोचत होता.

“तुमचे कान गेलेत,” दिग्दर्शकाने सांगून टाकलं होतं. “वय झालं की बारीक आवाज ऐकू येत नाहीत, मग माणूस ते वाढवत सुटतो. तपासून घ्या आणि आज मला कळवा. नाहीतर मी दुसरा माणूस बघतो.”

फोन ठेवताना बाबा हसला होता. ते हसू खोटं आहे, हे तिने लगेच ओळखलं. दुसरं कुठलंही काम बाबाला येत नव्हतं. त्याला साधा चहासुद्धा धड जमत नसे!

आणि तो सूर टोचतोय हे तिला कसं कळलं नाही? घरात तिला सगळे कानसेन म्हणायचे. शाळेतून आली की दप्तर फेकून ती आधी या खोलीत घुसायची. तिने ऐकून मान डोलावल्याशिवाय बाबाचं काम घराबाहेर पडत नसे. “आमचे कान आता निबर झाले, हिचे कोवळे आहेत,” असं तो येईल-जाईल त्याला ऐकवायचा. म्हणून आजची परीक्षाही तिनेच काढली होती. कॉम्प्युटरवर तिने एक सूर लावून ठेवला होता. जाड हुंकारापासून निघून तो बारीक, अजून बारीक होत जाणार होता.

तिने बटण दाबलं.

सूर घुमला. मग शिट्टी झाला. मग डासाची गुणगुण. ती बाबाच्या हाताकडे टक लावून बघत होती. पडू नकोस, पडू नकोस, असं मनातल्या मनात हाताला विनवत होती. सूर दोऱ्यासारखा झाला, मग दोऱ्याच्या टोकासारखा, आणि संपला.

बाबाचा हात वरच होता.

ती थांबली. हात ताठ. इतकं वाईट? आवाज संपलाय हेही याला कळत नाही? की घाबरून अंदाजाने बसलाय?

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “हात खाली घे. संपला आवाज.”

“कुठे? येतोय की! डोक्यात टाचणी टोचतेय नुसती.” मग जरा वेळाने हात खाली आला. “हं. आता गेला.”

तिने स्क्रीनकडे पाहिलं. हिरवी रेघ अजून थरथरत होती. सूर चालूच होता.

स्पीकर बिघडला असणार. दुसरं काय असणार! तिने हेडफोन कानांवर चढवले, सूर थोडा मागे नेला आणि आवाज वाढवला. काहीच नाही. अजून वाढवला. गादीत डोकं खुपसल्यासारखी शांतता. तिने बटण शेवटपर्यंत फिरवलं.

बाबा ताडकन उठला. त्याने तिच्या कानांवरून हेडफोन ओढून काढले. “अगं वेडे, काय करतेस? मला इथे बाहेर ऐकू येतंय! कान फोडून घ्यायचेत का?”

ती त्याच्याकडे बघत राहिली. ‘बाबा, भुताचा सूर येतच नाहीये, वाढव. अजून वाढव.’ हे कोण म्हणालं होतं? आणि रोज रात्री हेडफोन लावून, गाणी मोठ्याने चालू ठेवून कोण झोपत होतं?

“तुला तो सूर टोचत नव्हता?” तिने विचारलं.

“टोचायचा गं,” बाबा खाली बघत म्हणाला. “पण तू वाढव म्हणालीस. मला वाटलं, माझंच काहीतरी बिनसलंय.”

मग त्याने मान वर केली. तिचा चेहरा पाहिला. स्क्रीनवरची रेघ पाहिली. आणि त्याला सगळं कळलं, कारण सकाळी फोन ठेवताना हसला होता तसाच तो पुन्हा हसला.

तेवढ्यात फोन वाजला.

“हो, साहेब. तपासलं,” बाबा घाईघाईने बोलू लागला. “तुमचंच खरं. कान माझेच...”

तिने फोन हिसकावून घेतला.

“काका, बाबाचे कान ठणठणीत आहेत. दुसरा माणूस बघायचाच असेल, तर माझ्या जागी बघा.”