वांग्यांचं खत

ओला-सुका कचरा वेगळा केल्याशिवाय मालनकाकू लालबागच्या त्या चाळीत कुणाला जिना उतरू देत नसत. धंद्यातल्या पार्टनरचे तुकडे करून स्वप्नील निघाला, तर काकूंनी नेमकी त्याचीच पिशवी उघडली. वरच मनगटापासून कोपरापर्यंतचा हात. काकू पिशवीवर वाकल्या. स्वप्नीलने पाठीमागे धरलेला कोयता आवळला. आता काकूंनाही तोडणं आलं.

“ओल्यात घड्याळ टाकतात का रे? सेल असतो त्यात,” काकू म्हणाल्या. “काढ ते आधी. बाकीचं गच्चीवर वांग्यांच्या खतात टाक.”

“पण काकू, कुणाला कळलं तर?”

“आमचे हे गावी गेलेत असंच समजतोस ना तू? अरे, मी त्यांची कवळीसुद्धा सुक्यात टाकली होती.”